रॉडने वेल्डिंग येतं पण सीओटू मशीनची सेटिंग जमत नाही, ही वायरवाली मशीन नेमकी चालते कशी?

तुम्ही लिहिलंय की आयटीआय झालंय, रॉडचं काम व्यवस्थित येतं, आता रबाळ्याच्या कंपनीत सीओटूवर लावलंय आणि एक नॉब फिरवला की दुसरंच बिघडतं. मी साकीनाक्याला फॅब्रिकेशनमध्ये आहे, मशीनचे बेस आणि स्ट्रक्चर असं जाड काम जास्त, रॉडवरून सीओटूवर येणारी पोरं कायम बघतो आणि जवळजवळ सगळ्यांचं अडतं एकाच जागी, म्हणून तिथूनच सुरू करतो.

रॉडच्या मशीनवर तुम्ही करंट लावता आणि आर्क, म्हणजे रॉड आणि प्लेटमधली जळती ठिणगी, किती लांब ठेवायचा ते तुमचा हात बघतो. सीओटूत रॉडऐवजी रिळावरून वायर सतत येते आणि सोबत सीओटू गॅस सुटतो. इथे मशीन व्होल्टेज धरून ठेवते, म्हणजे आर्कची लांबी ती सांभाळते, आणि करंटचा असा वेगळा नॉब नसतोच. बऱ्याच फीडरवर, म्हणजे वायर ढकलणाऱ्या पेटीवर, नॉबखाली अँपिअर छापलेलं असतं पण तो नॉब आत वायरच्या मोटरचा स्पीडच बदलतो. वायर जितकी जोरात येईल तितकी वितळवायला जेवढा करंट लागेल तेवढा मशीन आपणहून देते, १.२ एमएमची वायर २०० अँपिअरच्या आसपास मिनिटाला पाच-सहा मीटर जाते बघा. हात जरा वर गेला, आर्क लांबला, की करंट उतरतो, वायर कमी वितळते, पण मागून ती त्याच स्पीडने येत असते त्यामुळे आर्क पुन्हा जागेवर येतो. हे सगळं डोळ्याला दिसायच्या आत होतं, म्हणून नवीन माणसाचीही लाइन सरळ येते.

त्यामुळे आधी जाडी बघून वायरचा स्पीड लावा, मग कानाने ऐकत व्होल्टेज जुळवा. दोन्ही नॉब एकदम फिरवायचे नाहीत. व्होल्टेज कमी असेल तर वायर प्लेटला ढोसते, हाताला धक्के बसतात, बीड, म्हणजे जोडाची रेघ, उंच आणि अरुंद येतो. जास्त झालं तर मोठे थेंब, स्पॅटर म्हणजे उडणारे शिंतोडे, कडेला अंडरकट म्हणजे प्लेटमध्ये खाच. १.२ वायरला १३०-१५० अँपिअरला साधारण १८ ते २० व्होल्टमध्ये एकसारखी तडतड ऐकू येते, तिथे वायर सेकंदाला कितीतरी वेळा प्लेटला टेकून तुटत असते, त्याला शॉर्ट सर्किट ट्रान्सफर म्हणतात. पत्र्याला आणि उभ्या जोडाला हेच चांगलं. पातळ पत्रा असेल तर ०.८ ची वायर घ्या. आणि टॉर्च पॉझिटिव्हला आहे ना, ते एकदा बघून घ्या.

गॅसचं म्हणाल तर तो वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून असतो. ही पद्धत १९४८ ला अमेरिकेत बॅटेल संस्थेत ॲल्युमिनियमसाठी निघाली तेव्हा गॅस महागडा होता, १९५३ च्या सुमारास सीओटू वापरायला लागले आणि मग स्टीलच्या कामात ती सगळीकडे पसरली. पण सीओटू आर्कमध्ये फुटून ऑक्सिजन सोडतो, म्हणून तो पकडायला आपल्या नेहमीच्या ईआर७०एस-६ वायरमध्ये मँगनीज आणि सिलिकॉन घातलेलं असतं. बीडवर जे तपकिरी काचेसारखे ठिपके दिसतात ते त्याचंच, पेंटच्या आधी ब्रशने काढा नाहीतर रंगाचा पोपडा तिथूनच सुटतो. गॅसचा फ्लो मिनिटाला १२-१५ लिटर पुरतो, बीडला भोकं पडतात म्हणून २५ वर नेलं तर गॅस घुसळतो आणि हवा आत ओढतो, भोकं वाढतात. त्यापेक्षा उन्हाळ्यात पायाशी लावलेला पंखा आधी बाजूला करा. पावसाळ्यात स्पूल, म्हणजे वायरचं रीळ, फीडरवर उघडा ठेवून घरी जाऊ नका, आपल्याकडच्या दमट हवेत वायर गंजते, मग लायनर, म्हणजे टॉर्चच्या केबलमधली वायरची नळी, चोंदतो आणि वायर अडकत येते. उघड्या यार्डात, खाडीच्या वाऱ्यात काम असेल तर सेल्फ शिल्डेड फ्लक्स कोअर्ड वायर, म्हणजे आत पावडर भरलेली पोकळ वायर, घ्यावी लागते, तिला बाहेरचा गॅस नको, पण बहुतेकदा पोलॅरिटी उलटी, म्हणजे टॉर्च निगेटिव्हला, लागते, पाकिटावर वाचा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रॉडला करंट कमी पडला की रॉड चिकटतो, म्हणजे तुम्हाला लगेच कळतं. सीओटूत काहीच कळत नाही. दहा एमएमच्या प्लेटवर १४० अँपिअरला सुंदर, एकसारखा बीड पडतो आणि खाली प्लेट वितळलेलीच नसते, बीड नुसता वर बसलेला असतो. टॉर्च लांब धरली की आणखी वाईट, वायर १२ एमएमऐवजी २०-२२ बाहेर आली की करंट गुपचूप उतरतो, आर्क मात्र छान चालू दिसतो. जाड प्लेटला आडव्या कामात २२०-२५० अँपिअर, २६-२८ व्होल्ट असं जायला हवं, मिल स्केल, म्हणजे प्लेटवरची काळी पापडी, ग्राइंडरने काढायला हवी, आणि आर्क वितळलेल्या धातूच्या पुढच्या कडेवर ठेवायला हवा, मागे राहिला की तो आपल्याच धातूवर जळत बसतो. उचलायच्या हुकावर किंवा ब्रॅकेटवर असला बीड मारला तर खाली उभ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे, म्हणून यात मी कुणाला सूट देत नाही.

तपासायला मशीन वगैरे लागत नाही. कंपनीच्या भंगारातले दहा एमएमचे दोन तुकडे घ्या, ग्राइंड करा, एकावर एक उभा असा टी लावून कोपऱ्यात एकाच बाजूने जोड (फिलेट) मारा, पूर्ण गार झाल्यावर खालची प्लेट व्हाइसमध्ये पकडून उभा तुकडा बीडच्या बाजूला घणाने पाडा. तुटलेल्या जागी मुळाशी ग्राइंडरच्या रेषा जशाच्या तशा दिसल्या तर जोड झालाच नव्हता. हे करून बघा आणि कमेंटमध्ये फोटो टाका, पण तुटलेल्या तोंडाचा टाका, बीडचा नको, सोबत अँपिअर, व्होल्ट आणि वायर किती बाहेर ठेवली होती ते लिहा, मग पुढचं नीट सांगता येईल.