वाचकांचे प्रश्न : सारा देश एखाद्याला आपले का मानतो?

प्रश्न : काही कलावंत, खेळाडू किंवा अभ्यासक यांच्याविषयी सारा देश घरच्या माणसासारखा बोलतो. त्यांच्याइतकेच, किंबहुना अधिक गुणी असलेले दुसरे अनेक जण मात्र केवळ आदराचे धनी होतात. हा फरक कशामुळे पडतो? सरकारी सन्मानामुळे ही आपुलकी निर्माण होते, की आपुलकी आधीच असते म्हणून सन्मान मिळतो?
(एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. सरकारी सन्मान आणि लोकांचा जिव्हाळा यांचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा फार थोडा आहे. जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला आणि १९५५ पासून पारंपरिक कला व हस्तकला जपणाऱ्या निष्णात व्यक्तींची अधिकृत निवड सुरू झाली. बोलण्यात त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. सरकार त्यांना वर्षाला वीस लाख येन देते आणि त्यांनी आपली विद्या पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, अशी अपेक्षा ठेवते. व्यवस्था उत्तम आहे. परंतु त्यांच्यातील एखादा कुंभार किंवा विणकर रस्त्याने चालला असेल, तर शेजारून जाणारे बहुतेक लोक त्याला ओळखणारही नाहीत. तेथे कौशल्याची कदर होते, आणि ती व्हायलाच हवी. जिव्हाळ्याचा प्रश्न तेथे येतच नाही.

ब्राझीलचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६१ मध्ये तेथील सरकारने पेले यांना राष्ट्रीय ठेवा ठरवले, आणि त्यामागचा हेतू अगदी व्यवहारी होता : युरोपातील श्रीमंत क्लबांनी त्यांना पळवून नेऊ नये. पेले यांच्या थोरवीबद्दल दुमत नाही. ब्राझीलचे लोक त्यांना ‘राजा’च म्हणत. मात्र १९५८ च्या विश्वचषकात त्यांच्या बरोबरीने खेळलेले आणि १९६२ चा विश्वचषक जिंकून देण्यात सर्वांत मोठा वाटा असलेले गारिंचा यांना त्याच लोकांनी ‘जनतेचा आनंद’ असे नाव दिले. गारिंचा यांचे पाय वाकडे होते. ते चेंडू घेऊन निघाले की समोरचा खेळाडू हमखास चकत असे आणि प्रेक्षक खदखदून हसत. पैशाचा हिशेब त्यांना कधी जमला नाही, दारूने त्यांचे आयुष्य पोखरले, आणि १९८३ मध्ये विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना निरोप देण्यासाठी प्रचंड गर्दी लोटली. राजाला लोक मुजरा करतात, पण त्याच्या जागी स्वतःला पाहू शकत नाहीत. गारिंचा यांच्यात त्यांना स्वतःचे वाकडे पाय, स्वतःच्या चुका आणि तरीही समोरच्याला हुलकावणी देण्याची ऐट दिसली. म्हणून माझे पहिले निरीक्षण असे, की अशा व्यक्तीला कोणालाही न साधणारी एक गोष्ट साधलेली असावी लागते आणि बाकी सर्व बाबतींत ती आपल्यातलीच वाटावी लागते. यांपैकी पहिली गोष्ट नसेल तर ती व्यक्ती केवळ ओळखीची राहते, दुसरी नसेल तर केवळ थोर.

मात्र एवढ्याने भागत नाही. माझ्या मते सर्वांत मोठा वाटा सहवासाचा असतो. इजिप्तच्या गायिका उम कुलसुम यांची मैफल कित्येक वर्षे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री रेडिओवरून प्रसारित होत असे, आणि केवळ इजिप्त नव्हे तर साऱ्या अरब जगतातील लोक त्या वेळी कामे बाजूला ठेवून ऐकत बसत. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने तो महिन्याच्या दिनक्रमाचाच एक भाग झाला होता. १९६७ च्या युद्धात देशाचा पराभव झाल्यावर त्यांनी देशात आणि परदेशांत कार्यक्रम केले आणि त्यांचे उत्पन्न देशाला दिले. ३ फेब्रुवारी १९७५ रोजी त्या वारल्या, तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले आणि जमावाने शवपेटी वाहणाऱ्यांकडून ती काढून घेऊन स्वतःच्या खांद्यावरून फिरवली. हा हक्क त्यांना कोणत्याही सरकारने दिलेला नव्हता.

आपल्याकडे लता मंगेशकर यांच्याबाबत हेच घडले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाल्यावर दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. परंतु ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते, त्यांनीही त्या दिवशी एकमेकांशी ज्या स्वरात बोलणे केले, तो घरातील वडीलधारे माणूस गेल्यावरचाच होता. इंग्लंडचे डेव्हिड ॲटनबरो १९५० च्या दशकापासून दूरचित्रवाणीवर प्राणिसृष्टीविषयी बोलत आले. मध्यंतरी ते बीबीसीत वरिष्ठ अधिकारपदावर होते; १९७२ च्या सुमारास ते पद सोडून ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले. आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्यांनी बालपणी एकच आवाज ऐकला, तर तो आवाज त्या कुटुंबाच्या आठवणींत मिसळून जातो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच हे एकतर्फी सख्य नेमके हेरले होते : पडद्यावरची व्यक्ती आपल्याकडे पाहून बोलते, आपण तिला ओळखू लागतो, आणि ती आपल्याला ओळखत नाही हे सोयीस्करपणे विसरतो.

सहवासाला काळ लागतो, असे म्हणताच कॅनडाचा टेरी फॉक्स आठवतो आणि माझ्या म्हणण्याला धक्का बसतो. कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला हा तरुण कर्करोगावरील संशोधनासाठी निधी जमवावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी देशाच्या पूर्व टोकापासून कृत्रिम पायाने धावू लागला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन असे १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. प्रत्येक देशबांधवामागे एक डॉलर, हे त्याचे उद्दिष्ट १९८१ च्या फेब्रुवारीत पूर्ण झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाने दरवर्षी होणाऱ्या धावण्यात लोक आजही भाग घेतात. सुरुवातीला रस्त्याकडेला फारसे कोणी नसे; एकेका गावातून बातमी पुढे जात गेली आणि देश त्याच्यासोबत चालू लागला. सहवास होताच, फक्त तो काही महिन्यांत दाटून आलेला होता.

प्रश्न : अशा व्यक्ती सार्वजनिक प्रश्नांवर भूमिका घेण्याचे टाळतात, म्हणूनच त्या सर्वांना प्रिय राहतात, असे मला वाटते. हे खरे आहे का?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : पुष्कळ अंशी खरे आहे, आणि तुम्हाला ते खटकत असेल तर तेही योग्यच आहे. ज्याच्यावर सर्वांनी प्रेम करावे, त्याच्याकडून कोणीच दुखावले जाऊ नये, अशी मूक अट समाज घालत असतो.

तथापि मुहम्मद अली यांचे चरित्र पाहिले की चित्र गुंतागुंतीचे होते. १९६७ मध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्यांचे विश्वविजेतेपद काढून घेण्यात आले, पाच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावण्यात आली आणि अपील चालू असल्याने ते तुरुंगाबाहेर राहिले, तरी ऐन उमेदीची तीन-साडेतीन वर्षे त्यांना खेळता आले नाही. त्या काळात अमेरिकेत त्यांचा मनापासून द्वेष करणारे लोक थोडेथोडके नव्हते. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली. पुढे १९९६ मध्ये अटलांटा येथे कंपवाताने थरथरणाऱ्या हातांनी त्यांनी ऑलिंपिकची ज्योत पेटवली, तेव्हा तोच देश गहिवरला, आणि २००५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. अलींनी आपली भूमिका कधी मागे घेतली नव्हती. मधल्या काळात त्या युद्धाविषयीचे देशाचे मत बदलले होते, हे एक कारण; दुसरे कारण जरा कटू आहे. ज्यांच्या जिभेची लोकांना धास्ती वाटत असे, त्या अलींना आजाराने जवळजवळ अबोल केले होते. बंडखोर माणूस निरुपद्रवी झाल्यावर त्याला कुरवाळणे समाजाला फार आवडते. त्यामुळे एखाद्यावर सर्वांचे प्रेम आहे असे दिसले, की त्याच्या बोलण्यातील कोणता भाग आपण वगळून टाकला आहे, हे तपासून पाहावे.

राजकारण्यांना हे प्रेम क्वचितच लाभते, कारण त्यांना रोज कोणाला तरी नकार द्यावा लागतो. नेल्सन मंडेला यांना ते लाभले. सत्तावीस वर्षांच्या कैदेनंतर सत्ता हाती आली असता त्यांनी १९९९ मध्ये एकाच कार्यकाळानंतर पद सोडले, याचा त्यात मोठा वाटा आहे, असे मी मानतो. मिळत असलेली गोष्ट नाकारणे लोकांच्या मनात खोल रुजते. गायिका डॉली पार्टन यांचा पुतळा टेनेसी राज्याच्या विधानभवनाच्या आवारात उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा २०२१ मध्ये त्यांनी तो मागे घेण्याची विनंती केली. लहान मुलांना विनामूल्य पुस्तके पाठवण्याचा उपक्रम त्यांनी १९९५ पासून चालवला आहे आणि त्यांच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे त्यामागचे कारण त्या स्वतः सांगतात. तेथील परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या राजकीय गटांचे त्यांच्याबाबत एकमत होते, हे विशेष.

प्रश्न : ज्यांच्यावर लोकांनी जीव ओवाळून टाकला, त्यांची दुष्कृत्ये नंतर उघड झाल्याची उदाहरणे आहेत. मग लोकांच्या प्रेमाला काय अर्थ राहतो?
(एक वाचक)

उत्तर : आपल्या मनात बहुधा ब्रिटनमधील जिमी सॅव्हिल असावेत. दूरचित्रवाणीवरील हा लोकप्रिय सूत्रसंचालक रुग्णालयांत स्वयंसेवा करी, धर्मादाय कार्यासाठी कोट्यवधी पौंड जमवी; १९९० मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. २०११ मध्ये तो वारला, तेव्हा हजारो लोक अंत्यदर्शनाला आले. वर्षभरातच त्याने अनेक दशके मुलांवर आणि स्त्रियांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांना वाचा फुटली, आणि जानेवारी २०१३ च्या पोलीस अहवालात २१४ गुन्ह्यांची नोंद झाली. पदवी मृत्यूबरोबरच संपुष्टात येत असल्याने ती काढून घेणेही शक्य नव्हते.

यातून ‘कोणावरच प्रेम करू नये’ असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. पडद्यावर आपल्याला भेटतो तो मनुष्याचा एक कवडसा. सहवास खरा असला तरी परिचय खरा नसतो, आणि लोकांचे प्रेम म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. सॅव्हिलच्या बाबतीत घातक ठरली ती ही गल्लत. त्याच्या लोकप्रियतेमुळे त्याला रुग्णालयांचे दरवाजे उघडे राहिले, आणि बळी पडलेल्यांपैकी ज्यांनी बोलण्याचे धैर्य केले, त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. प्रेक्षकाने भाबडे असणे मी समजू शकतो. रुग्णालये, वृत्तसंस्था आणि पोलीस यांना ती सवलत नाही. लाडक्या माणसाविरुद्धची तक्रार इतरांविरुद्धच्या तक्रारीसारखीच नोंदवली आणि तपासली जाते की नाही, हा प्रश्न त्यांना विचारावा लागेल, आणि तो विचारताना त्या माणसाने किती देणग्या जमवल्या, याचा उल्लेखही कोणाला करू देऊ नये.

प्रश्न : ‘भारतरत्न’ मिळालेल्या व्यक्तीच्या नावापूर्वी तो किताब लिहिणे योग्य आहे का? निमंत्रणपत्रिकांत तो सर्रास दिसतो.
(एक मुद्रक)

उत्तर : योग्य नाही. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब देण्यास मनाई केली आहे. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत म्हणूनच ते घटनाबाह्य ठरत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आणि ते नावाच्या मागे किंवा पुढे उपाधीसारखे लावू नयेत, हेही त्यात स्पष्ट केले. पत्रिकेत उल्लेख करायचाच असेल, तर नावाखाली ‘भारतरत्न पुरस्काराने सन्मानित’ असे लिहावे.