आधी ५० खांब, मग बाकीचं शहर

शहराच्या सार्वजनिक मालमत्तांची संगणकावर, नकाशासकट नोंद करायची असेल, तर सगळ्यांची एकदम सुरू करू नका. एकच प्रकार घ्या, समजा पथदिवे, आणि पहिले ५० खांब पूर्ण करा. नोंदीचा साचा कुठे चुकलाय ते तेवढ्यातच कळतं.

सगळ्यात जास्त जपायचा तो ओळख क्रमांक. खांब काढला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. नोंदही पुसू नका, स्थिती 'सेवेतून बाद' करा. पुसलीत तर जुन्या दुरुस्त्या कुठल्या खांबाच्या ते कळत नाही. क्रमांकात प्रभाग गुंफायचा मोह होईल, पण हद्दी बदलतात. आणि ००४७ एक्सेलमध्ये उघडलंत की पुढची शून्यं गायब! तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करा.

हमखास होणाऱ्या चुका:

- अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. जिओजेसनमध्ये (नकाशावरची माहिती साठवायचा फाइल-प्रकार) रेखांश आधी येतो. ठिपके भलत्याच ठिकाणी, समुद्रातबिमुद्रात दिसले तर पहिलं हेच तपासा.
- फोनच्या जीपीएसवर आंधळा विश्वास. मोकळ्या आकाशाखालीही साधारण ५ मीटर इकडेतिकडे होतं, उंच इमारतींमध्ये जास्त. ठिपका उपग्रहचित्रावर पाहून सरकवा.
- चाळीस रकाने. क्रमांक, प्रकार, स्थान, बसवल्याची तारीख, अवस्था, पाहणीची तारीख, फोटो, सध्या एवढंच.
- 'अवस्था' हाताने लिहू देणं. 'ठीक', 'बरी', 'चांगली' मोजणार कशी? १ ते ५ची यादी द्या आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ एका ओळीत ठरवा.

दुरुस्तीचं काम पत्त्यावर नव्हे, ओळख क्रमांकावरच नोंदवा. नियतकालिक देखभालीचं वेळापत्रक वगैरे नंतर बघू.