जवळा मोठा होऊन कोळंबी होतो का?

प्रश्न असा आहे: ‘आमच्या घरी म्हणतात, जवळा वाढला की करंदी आणि करंदी वाढली की कोळंबी. ही एकाच जिवाची वयानुसार नावं आहेत का?’

नाहीत. जवळा म्हातारा झाला तरी जवळाच. पुरता वाढलेलाही जेमतेम अडीच-चार सेंटिमीटरचा. त्याचं शास्त्रीय नाव ‘असेटिस इंडिकस’, १८३० साली आँरी मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं दिलेलं.

खात्री हवी तर ताजा जवळा बशीत पाण्यात सोडा आणि पाय मोजा. कोळंबीला चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात. जवळ्याला तीनच, मागच्या दोन गळालेल्या. अंग काचेसारखं, डोळे काळेभोर, लालसर मिशा अंगापेक्षा कितीतरी लांब, शेपटीशी तांबडे ठिपके. (हे सगळं फोडणीत पडायच्या आधी बघायचं.)

राहणीही वेगळी. कोळंबीच्या बऱ्याच जाती अंडी समुद्रात घालतात, पिल्लं खाडीत, कांदळवनात शिरून वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्र गाठतात. जवळा किनाऱ्यालगतच्या गढूळ, उथळ पाण्यात थवे करून राहतो. कोळी तो डोल जाळ्यात धरतात. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून बांधलेलं हे जाळं. त्यात बोंबीलही सापडतो, आणि त्याच्या पोटात पुन्हा जवळाच.

मग घोळ कशानं? जवळा हे जिवाचं नाव आहे. करंदी हे बाजारातलं मापाचं नाव. बारीक कोळंबी, मग ती कुठल्या का जातीची असेना. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. सुकट म्हणजे वाळवलेलं, पण घाटावर सुका जवळाच सुकट होऊन पोचतो, म्हणून तिकडे मूळ नाव मागे पडलं.

व्याकरणही बोलकं आहे. आपण ‘पावशेर जवळा आणला’ म्हणतो, ‘पन्नास जवळे’ कुणी म्हणत नाही. तांदळासारखा तो ढिगानंच एकवचनी. कोळंबी मात्र मोजून वाढतात, विशेषतः पाहुणे असले की.

‘किनाऱ्याजवळ मिळतो म्हणून जवळा’ ही व्युत्पत्ती मला पटत नाही. किनाऱ्याजवळ मिळणारे मासे काय थोडे आहेत? आणि हिंगोलीतल्या जवळा बाजार या गावाला तर समुद्रही नाही.