सर्कशीतला मुलगा आणि इंग्लंडची जर्सी

प्रश्न : सर, माझा नातू बारा वर्षांचा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हापासून फुटबॉल सोडून रग्बीच्या मागं लागलाय. सर्कशीतला एक मुलगा इंग्लंडकडून रग्बी खेळला, असं कुठंतरी ऐकून आला. खरं की थाप? आणि त्याला बॉल कुठला घ्यावा?
– एक आजोबा, डिचोली

उत्तर : थाप नाही, आजोबा. त्याचं नाव जेम्स पीटर्स, जन्म १८७९, इंग्लंडातल्या सॅल्फर्डचा. वडील जमैकाचे, सर्कशीत जनावरं शिकवायचे, सिंहाच्या पिंजऱ्यातच गेले. पोरगा घोड्यावर कसरती करायचा. एकदा हात मोडला, तसं सर्कसवाल्यांनी त्याला मागं टाकून दिलं. अनाथाश्रमात वाढला, पुढं प्लिमथला सुतारकाम करू लागला.

१७ मार्च १९०६ ला तो स्कॉटलंडविरुद्ध उतरला. इंग्लंडकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय. पाचच दिवसांनी पॅरिसला फ्रान्सविरुद्ध त्यानं ट्रायही केली, म्हणजे गोलरेषेपलीकडं बॉल टेकवून गुण मिळवले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा संघ इंग्लंडात आला. डेव्हनच्या, म्हणजे प्लिमथ ज्या परगण्यात आहे त्याच्या संघात पीटर्सला बघून पाहुणे मैदानात उतरायलाच तयार होईनात. बरीच मनधरणी झाल्यावर सामना झाला. पण डिसेंबरात इंग्लंडची त्यांच्याशी गाठ पडली, तेव्हा पीटर्स संघात नव्हता. सामना ३-३ बरोबरीत सुटला. पुढच्याच वर्षी त्याला परत घेतलं, मग नेमका तेव्हाच त्याचा खेळ बिघडला होता काय? मी तीस वर्षं शाळेत संघ निवडले. पाहुण्यांची मर्जी राखायला आपला पोर बाकावर बसवायचा, ही खोड मला नवी नाही. मी स्वतःही एकदा केलंय ते.

एकूण पाचच आंतरराष्ट्रीय सामने. नंतर गोदीत काम करताना तीन बोटं गेली. आमच्या वाड्यावरच्या सुताराची दोनच गेलीत, तर चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरतो. पीटर्स तर हाफ-बॅक, स्क्रममधून, म्हणजे दोन्ही संघांच्या खांद्याला खांदा लावून चाललेल्या रेटारेटीतून, बाहेर आलेला बॉल झेलून पुढं खेळवणं हेच त्याचं काम! तरी तो खेळत राहिला. त्या काळी या रग्बीत खेळण्याचे पैसे घेणं मना होतं. पुढं पैसे घेतल्याच्या आरोपावरून बंदी आली, तेव्हा उत्तर इंग्लंडात जाऊन पैसे घेऊनच रग्बी लीग, म्हणजे पैसे घेऊन खेळायची मुभा असलेली वेगळी रग्बी, खेळला. बरं केलं.

बॉल चार नंबरचा घ्या. पाच मोठ्यांचा, त्याच्या हातात मावायचा नाही. आणि खडबडीत पकडीचा बघून घ्या, जूनमध्ये गुळगुळीत बॉल साबणासारखा निसटतो.