२० जणांच्या ऑफिससाठी डेडिकेटेड सर्व्हर घ्यावा की व्हीपीएस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात वागळे इस्टेटला ऑफिस, २० माणसं, त्यातली १२ दिवसभर टॅलीवर. शिवाय स्टॉकचं मायएसक्यूएल डेटाबेसवर चालणारं सॉफ्टवेअर आणि कंपनीची वेबसाइट. ऑफिसातला जुना सर्व्हर काढायचाय आणि होस्टिंगवाला म्हणतो, डेडिकेटेडच (डेटा सेंटरमधलं अख्खं मशीन एकट्यासाठी भाड्याने) घ्या, व्हीपीएसवर (तशाच मोठ्या मशीनचा सॉफ्टवेअरने वेगळा केलेला तुकडा) एवढा लोड झेपणार नाही.

झेपतो. मी तुमच्या जागी दोन व्हीपीएस घेईन: टॅलीसाठी विंडोजचा, आणि स्टॉक व वेबसाइटसाठी लिनक्सचा. विंडोजवाल्याला १६ जीबी रॅम (माणशी १ जीबी धरा, ४ जीबी विंडोजला), ६ कोअर (प्रोसेसरचे गाभे) आणि एनव्हीएमई डिस्क (जलद एसएसडी). लिनक्सवाल्याला ४ कोअर आणि ८ जीबी पुरे. दोन वेगळे अशासाठी की जगासाठी उघडी असते ती वेबसाइट. एखादं जुनं प्लगइन राहिलं आणि कोणी आत शिरलं, तर त्याच मशीनवर तुमची वह्याखाती नसावीत. एकाच डेडिकेटेडवर सगळं कोंबलं की हा धोका आपोआप येतो, आणि विकणारा तो सांगत नाही. ईमेल मात्र या दोन्हींवर ठेवू नका, तयार मेल सेवा घ्या. नव्या आयपीवरून गेलेली मेल स्पॅममध्ये जाते, बऱ्याच व्हीपीएसवर मेल पाठवण्याचं पोर्ट २५ बंदच असतं, आणि ते निस्तरण्यात आठवडे जातात.

आता व्हीपीएसची खरी दुखरी नस. एका मोठ्या मशीनवर प्रोव्हायडर अनेक व्हीपीएस चालवतो आणि प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा जास्त कोअर विकतो, कारण सगळे एकाच वेळी कामाला लागत नाहीत हे त्याचं गणित. हे गणित टॅलीच्या बाबतीत फसतं. जीएसटीच्या मासिक रिटर्नमध्ये जीएसटीआर-१ ची तारीख ११, ३बी ची २०. त्या मशीनवरचे शेजारीही तुमच्यासारखेच टॅलीवाले असले तर तुमची गर्दी तीच त्यांची गर्दी. म्हणून ३ तारखेला ट्रायल घेऊन 'मस्त पळतोय' म्हणण्यात अर्थ नाही. ट्रायल १८ ते २० तारखेत पडेल अशी घ्या.

लिनक्सवर हे तपासणं सोपं आहे. टॉप कमांड चालवली की सीपीयूच्या ओळीत अगदी शेवटी 'एसटी' असा आकडा दिसतो (महामंडळाची नव्हे). तुमच्या मशीनला काम होतं, पण कोअर शेजाऱ्याकडे असल्यामुळे थांबावं लागलं, तो वेळ यात मोजला जातो. ० ते १ टक्का ठीक. कामाच्या वेळात सतत ५ च्या वर राहिला तर प्रोव्हायडरला दुसऱ्या होस्टवर (खालच्या मोठ्या मशीनवर) हलवायला सांगा. १० च्या वर गेला की लोक तक्रार करायला लागतातच.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये हा आकडा दिसत नाही. तिथे सेव्हन-झिप टाका, त्यात बेंचमार्क असतो. एकदा ३ तारखेला रात्री चालवा, एकदा २० तारखेला दुपारी ४ वाजता, सगळ्यांना दहा मिनिटं लॉगआउट करायला लावून. दोन आकड्यांत २०-२५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर तो प्लॅन सोडा, किंवा त्याच प्रोव्हायडरकडचा 'डेडिकेटेड सीपीयू' व्हीपीएस घ्या. त्यात कोअर तुमच्या एकट्याचे असतात. डेडिकेटेड सर्व्हरकडे वळण्याआधी ही मधली पायरी आहे, आणि बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

डेडिकेटेडमध्ये शेजाऱ्याचा त्रास नाही, पण तुटणारे सुटे भाग तुमच्या गळ्यात येतात. दोन डिस्क रेड-१ मध्ये असतात, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, एक गेली तरी काम चालू राहतं. गोची इथेच आहे: काम चालू राहतं म्हणून कोणाला कळत नाही. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये एमडीस्टॅट फाइल उघडली की चौकटी कंसात दोन 'यू' शेजारी शेजारी दिसतात. एक डिस्क मेली की एका 'यू'च्या जागी नुसती आडवी रेघ. सहा-आठ महिने ती रेघ तशीच राहते, आणि मग त्याच बॅचची, तेवढेच तास फिरलेली दुसरी डिस्क जाते. म्हणून डेडिकेटेड घ्यायचा तर ती फाइल रोज तपासून मेल किंवा एसएमएस पाठवणारी स्क्रिप्ट हवी, आणि तो मेसेज वाचणारा माणूसही हवा. असा माणूस पगारावर नसेल तर डेडिकेटेडचा विषय तिथेच संपला, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही घेणार असाल तर ईसीसी रॅम (बारीक चुका स्वतः दुरुस्त करणारी), दोन एंटरप्राइझ एसएसडी आणि मशीन लटकलं तर लांबून स्क्रीन बघता यावी म्हणून आयपीएमआय, एवढं नक्की मागा. करारातली भाषा बारकाईने वाचा. 'चार तासांत प्रतिसाद' म्हणजे चार तासांत कोणीतरी तिकिटाला उत्तर देईल. 'चार तासांत पार्ट बदलून' हे वेगळं, आणि तुम्हाला तेच हवंय. विंडोजचा खर्चही धरा: विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स सर्व्हरमागे किमान १६ कोअरचं घ्यावं लागतं, तुमच्याकडे ८ असले तरी.

व्हीपीएसवाल्यालाही एक प्रश्न विचारा: खालचं मशीन बंद पडलं तर माझा व्हीपीएस दुसऱ्या मशीनवर आपोआप उठतो का? डिस्क त्याच मशीनमध्ये असेल तर नाही उठत, जाहिरातीत 'क्लाउड' लिहिलेलं असलं तरी. आणि ९९.९ टक्के अपटाइम म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा, हे माहीत असू द्या.

डेटा सेंटर महापे, रबाळे, ऐरोली असं जवळचं मिळालं तर बरं, पण 'जाऊन बघता येईल' म्हणून नको. भाड्याच्या डेडिकेटेडला तुम्हाला कोणी हात लावू देत नाही; ती सोय स्वतःचं मशीन तिथे ठेवलं तरच. जवळ असण्याचा फायदा रिमोट डेस्कटॉपला (लांबून सर्व्हरची विंडोज वापरण्याला) होतो. ऑफिसच्या लाइनवरून पिंग करा (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ), ५-१० मिलिसेकंद यायला हवं. ४०-५० आलं तर ट्रेसरूट (डेटा कुठल्या वाटेने जातो ते दाखवणारी कमांड) बघा, ट्रॅफिक चेन्नईला वळसा घालून येत असेल. युरोपातला स्वस्त सर्व्हर १२०-१५० देतो. त्यावर व्हाउचर टाकताना प्रत्येक कळ चिकटल्यासारखी वाटते. शिवाय तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ऑगस्ट २०२२ च्या नियमबदलानुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो.

बॅकअपवरून आठवलं: स्नॅपशॉट (व्हीपीएसची त्या क्षणाची प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच प्रोव्हायडरच्या त्याच खात्यात असतो. कार्डचं पेमेंट फेल झालं, रिमाइंडरच्या मेल कोणी पाहिल्या नाहीत, खातं बंद झालं, की व्हीपीएसबरोबर स्नॅपशॉटही गेले. रात्री टॅलीचा डेटा फोल्डर आणि मायएसक्यूएलचा डंप दुसऱ्या प्रोव्हायडरकडे पाठवा, आणि महिन्यातून एकदा तो उघडून ट्रायल बॅलन्स जुळतो का पाहा.

रिमोट डेस्कटॉपला १२ माणसं म्हणजे १२ आरडीएस कॅल (त्यासाठीची माणशी लायसन्स). फुकटात फक्त दोन ॲडमिन सेशन मिळतात. आरडीएस टाकल्यावर ही लायसन्स लावायला १२० दिवसांची मुदत असते आणि ती संपली की एका सकाळी ॲडमिन सोडून कोणालाच आत जाता येत नाही. काही स्वस्त 'टॅली ऑन क्लाउड'वाले आरडीपी रॅपर (सेशनची मर्यादा उठवणारं सॉफ्टवेअर) लावून हे टाळतात. ते बेकायदा तर आहेच, वर विंडोज अपडेट आलं की बंद पडतं. कोटेशनमध्ये कॅल वेगळी ओळ म्हणून दिसली पाहिजेत, तसंच बॅकअपची जागा, सपोर्टचे पैसे आणि १८ टक्के जीएसटी. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडं ठेवू नका, रॅन्समवेअर अनेकदा तिथूनच शिरतं. व्हीपीएन लावा किंवा फक्त ऑफिसचा स्टॅटिक आयपी चालू ठेवा.

हलवाहलव २१ तारखेनंतरच्या शनिवारी. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (वेबसाइटचा जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत) ३०० सेकंदांवर आणा, जुन्या मशीनवरून टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, मगच नव्यावर ॲक्टिव्हेट करा. आणि तोवर ऑफिसला दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाइन घेऊन ठेवा, वेगळ्या रस्त्याने येणारी. सर्व्हर बाहेर गेल्यावर इस्टेटमध्ये कुठेही खोदकाम झालं आणि केबल तुटली की १२ जणांचं काम थांबणार.