विदर्भातल्या गावचं जुनं मोठं घर ‘वॉर्म मॉडर्न’ पद्धतीनं नवं करायचं आहे. सुरुवात कुठून करावी? मधला चौक झाकून हॉल केला तर चालेल का? आणि खर्च कशावर करावा?

नाही. चौक झाकू नका. बाकी काय करायचं ते करा.

तुम्ही लिहिलंय की घर मातीच्या भिंतींचं आहे, वर कवेलू (मातीची कौलं) आहेत, मधे चौक आहे, आणि डिझायनरनं पाठवलेल्या चित्रात चौकावर काच, खाली लांबलचक सोफा, एका भिंतीला लाकडी पट्ट्या आणि पिवळसर दिवे आहेत. असलंच चित्र आमच्या धाकट्या दिरानं मोबाइलवर घरभर दाखवलं होतं. म्हणून तर लिहायला बसले, नाहीतर एवढं मोठं उत्तर लिहिणाऱ्यातली मी नाही.

आमचं सासर वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. घर सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. समोर ढेलज (दाराची देवडी), मग ओसरी, मग चौक, चौकाभोवती खोल्या, मागे सांदवाडी (मागचं अंगण) आणि गुरांचा कोठा. भिंती पांढऱ्या मातीच्या, इतक्या रुंद की खिडकीच्या कट्ट्यावर मूल मांडी घालून अभ्यासाला बसतं. खांब आणि मयाली (आडव्या तुळया) सागाच्या. वाटणी झाली तेव्हा बरोबर चौकातून दोरी लागली. उत्तरेची बाजू दिराला, दक्षिणेची आम्हाला.

दीर नागपुरात प्लॉटचा धंदा करतो, त्यामुळे जागा दिसली की त्याला चौरस फूटच दिसतात. तो म्हणाला, “वहिनी, चौक म्हंजे फुकट पडलेली जागा. पाला पडते, पाणी साचते, रोज झाडाचं कोनं? झाकून टाका, दोघांचाही हॉल होते.” सासूबाई खाटेवर बसून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “अन् उन्हाळ्यात झोपाचं कुठी?” त्यावर उत्तर आलं, एसी लावू. मी नाही म्हटलं तर मी जुनाट, मला घर पुढे न्यायचं नाही, असं भाऊबंदकीत फिरलं. ते अजून फिरतंय.

तर त्यानं आपली बाजू पाडली. सागाच्या मयाली जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं ढिगाच्या भावात उचलल्या. आणि दोघांच्या मधली सामाईक भिंत उघडी पडली. मातीच्या भिंतीला डोक्यावर छप्पर आणि पायाशी कोरडी जमीन असेल तर ती पिढ्यान्पिढ्या उभी राहते, पण छप्पर गेलं की एक पावसाळा तिला पुरतो. दिराचा ठेकेदार म्हणाला, काळजी करू नका, सिमेंटचं प्लास्टर मारून देतो, दगड होऊन जाईल. आमच्या गावच्या मिस्त्रीनं तेव्हाच मान हलवली होती, “बाई, मातीले सिमिट धरत नाही.” पण गावच्या मिस्त्रीचं कोण ऐकतो?

झालं असं की भिंतीच्या माथ्याकडून बारीक चिरेतून पाणी आत गेलं आणि आतच राहिलं. माती ओल धरते तशी सोडतेही, पण वरून सिमेंटचं कातडं असलं तर सोडणार कुठून? माती फुगते, सुकली की आकसते, सिमेंट जागचं हलत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात हात लावला तर आत पोकळ वाजायचं. पोळ्याच्या सुमारास एका रात्री दाराएवढा तुकडा भिंतीवरून पापडासारखा सुटून चौकात पडला, मागे चार बोटं माती घेऊन. सकाळी पाहिलं तर भिंतीला इतकी ओल की नखानं उकरता येत होती.

मग मिस्त्रीनं उरलेलं प्लास्टर काढलं. भिंत सुकू दिली. पांढऱ्या मातीत गव्हाचं कुटार (भुसा) मिसळून, पाणी घालून, ती कुजत ठेवली. तिचा वास काही दिवस घरभर होता, माझी मुलगी नाक धरून फिरायची. ती माती पायानं तुडवून त्याचा गिलावा केला, सुकताना पडलेल्या भेगा परत भरल्या, आणि वरून चुना, थोडा डिंक घालून, म्हणजे कपड्यांना लागत नाही. भिंतीच्या माथ्यावर पाखं काढून दोन फूट पुढे आणलं. ती भिंत आज घरातली सगळ्यात देखणी भिंत आहे. दिव्याच्या तिरप्या उजेडात तिचे हातानं फिरवलेले वळसे दिसतात. डिझायनर लोक ‘टेक्स्चर’ म्हणून जे विकतात ते हेच, फक्त त्यांचं डब्यातून येतं. तुमच्या घराच्या मातीच्या भिंतींना कोणी सिमेंट किंवा प्लास्टिक पेंट लावायला निघालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता चौकाचं. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढे जातो, हे तुम्हाला सांगायला नको. दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचायला दहा-बारा तास लागतात, तोवर बाहेर रात्र झालेली असते. पाच इंची स्लॅब दुपारभर तापते आणि संध्याकाळपासून तेच खाली सोडत बसते, म्हणजे नेमकं तुम्ही जेवायला-झोपायला बसता तेव्हा. चौक उघडा असला की रात्री त्याची फरशी आभाळाखाली निवते, गार हवा खाली बसते आणि खोल्यांत शिरते, खोल्यांतली गरम हवा चौकातून वर निघून जाते. त्यावर काच टाकली की ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही. इथे काय काश्मीर आहे काय उन्हाला कोंडून ठेवायला?

आणि कूलर. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा म्हणून कूलर चालतो, पण त्याची ओली हवा बाहेर जायला वाट लागते. बंद हॉलमध्ये कूलर लावा, तासाभरात अंग चिकचिक करतं. मग एसी आलाच. मे महिन्यात संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं आणि एसी ‘टक’ करून बंद होतो. दिराकडे तीन एसी आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्याची बायको-मुलं दुपारभर आमच्या माजघरात पडून होती आणि रात्री आमच्या अर्ध्या चौकात खाटा टाकून झोपायची. जाऊबाई बिचारी काही बोलली नाही, मीही बोलले नाही. दीर मात्र अजूनही मोबाइलवर ‘एलिव्हेशन’चे फोटो टाकतो. समोरून एसीपी शीट (अॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे) आणि काच, पश्चिमेकडे तोंड! बघणाऱ्याला तो बँकेचा एटीएम वाटतो.

माझ्यावर विश्वास नसेल तर मे महिन्यातल्या दुपारी सेवाग्रामला जाऊन बापू कुटीत थोडा वेळ बसा. गांधीजी १९३६ साली त्या गावात राहायला आले. माती, बांबू, कवेलू, बुटकं छप्पर, रुंद पडवी. तिथून बाहेर आल्यावर मग काचेच्या चौकाबद्दल बोलू.

तुमचा खरा प्रश्न ‘वॉर्म मॉडर्न’ दिसण्याचा होता. त्या चित्रात तुम्हाला जे आवडलंय ना, लाकूड, मातीचे रंग, मऊ उजेड, ते तुमच्या घरात आधीच आहे. वर ऑइलपेंटचे थर चढलेत, एवढंच. आमच्या खांबांवर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली परत हिरवा, असे थर होते. ते खरडून काढताना तोंडाला मास्क लावा, जुन्या रंगांत शिसं असतं. खाली साग निघाला की त्याला चकचकीत पॉलिश करू नका, जवसाचं तेल चोळा. आपल्याकडे जवस घरोघरी, पण कच्चं तेल लवकर सुकत नाही. हार्डवेअरमध्ये उकळलेलं मिळतं ते आणा. आणि एक लक्षात ठेवा: तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून सुकवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

दिवे २७०० ते ३००० केल्विनचे घ्या, डब्यावर लिहिलेलं असतं. देवळ्या असतील तर त्यात लपवून लावा. पीओपीचं छत करू नका, वर उंदरांना मैदान मिळतं. जमिनीला शहाबादी किंवा कोटा, चकचकीत टाइल्स नकोत. सोफ्याऐवजी ओसरीत बंगई (झोपाळा) ठेवा, हे मात्र माझं वैयक्तिक मत आहे.

छपराबद्दल लोक म्हणतात कवेलू काढा, टिन टाका. त्यांचं अगदीच चूक नाही. वांदरं. आमच्याकडे कळप चिंचेवरून थेट छपरावर उडी मारतो आणि एका सकाळी टोपलीभर कवेलू फोडून जातो. शिवाय दर वर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही. आम्ही मधला रस्ता काढला: खाली पत्रा, त्यावर रिपा (लाकडी पट्ट्या) मारून तेच जुने कवेलू. कवेलू फुटला तरी घर गळत नाही, आणि दोघांच्या मधल्या हवेमुळे पत्र्याचा ताव खाली येत नाही. नुसता पत्रा मात्र टाकू नका. दुपारी तापतो आणि पाऊस लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही.

स्वयंपाकघर उघडं करायचा विचार चित्रात दिसतोय. मुंबईत सँडविच करणाऱ्यांचं ठीक आहे. आपल्याकडे पाटोडीच्या रश्श्याला मिरचीची फोडणी पडली की सोफ्यावरचे पाहुणे खोकत उठतात. आमच्याकडे स्वयंपाकघर पार मागे, अंधारात होतं, दिवसा दिवा लावून भाकरी थापायची. घरातल्या बायकांच्या तीन पिढ्या त्या धुरात गेल्या आणि ढेलजेच्या कमानीवर मात्र दरवेळी रंग चढला. मी पहिला पैसा तिथे लावला. चौकाकडच्या भिंतीला, वर सागाची जाड पाटी टाकून, ओट्याएवढी लांब खिडकी काढली. भाजी चिरता चिरता चौकातली वाळवणं दिसतात, कोण आलं-गेलं दिसतं, धूर बाहेर जातो. हे काम चालू असताना दीर म्हणाला होता, “एवढ्या पैशात समोरून काच लागली असती.” लागली असती. मग?

मातीच्या भिंतीत अशी खिडकी काढणं जोखमीचं असतं, हे सांगायलाच हवं. आधी टेकू देऊन, वर आडवी पाटी घालून मगच खालची माती काढतात, आणि हे जाणत्या मिस्त्रीशिवाय करू नका. मयालींचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे टोच्या मारून पाहा, लाकूड तिथेच आधी कुजतं. सागाच्या गाभ्याला उदई (वाळवी) सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागते. भिंत फुगलेली किंवा कललेली असेल तर इंजिनिअरला दाखवा, कधीकधी पाडावंच लागतं. मी सगळंच वाचवा म्हणत नाही. आमचा कोठा आम्हीच पाडला.

नळाचं पाणी मातीच्या भिंतीतून नेऊ नका. संडास-बाथरूम मागे वेगळं बांधा, आणि जुन्या भिंतीला दात काढून जोडू नका, मधे फट ठेवा. सांदवाडीत काळी माती असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, वरचं बांधकामही तिच्याबरोबर हलतं. पाया खोल घ्या, मुरूम भरा. विंचू निघतात, उंदीर असतात, सारवण-पोतारा दरवर्षी करावा लागतो. करणारं माणूस घरात नसेल आणि तुम्ही वर्षातून दिवाळीला चार दिवस येणार असाल, तर माझं सगळं सांगणं फुकट आहे. रिकामं मातीचं घर फार टिकत नाही.

खर्चाचं विचारलंत. आमचे अर्ध्याहून जास्त पैसे छप्पर, पाणी काढून देणारी नाली आणि वायरिंगमध्ये गेले, म्हणजे फोटोत येत नाही अशा गोष्टींत. लाकूड-फर्निचर जवळपास सगळं घरातलंच. डिझायनरच्या कागदावर सोफ्याची रक्कम छपरापेक्षा मोठी असेल तर कागद परत करा.

आणि या सगळ्याआधी वाटणी कागदावर आणा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा, कोणाच्या नावावर आहे ते बघा. २०२०पासूनच्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोनमोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून घ्या. भावाशी तोंडी ठरलंय म्हणून चौकाला हात लावू नका. आमच्याकडे अर्धा चौक वाचला तो माझ्या हट्टामुळे नाही, दोरीच्या अलीकडे सासूबाईंचं नाव होतं म्हणून.