भाचरांचीही फी घ्यायची का?

ताई, मी डोंबिवलीत राहते, वय ४३. मुलगी बारावी होऊन हॉस्टेलला गेली, तेव्हापासून हाताशी वेळ आहे. मातीकाम, कागदकाम, वारली हे लग्नाआधीपासून करते. गेल्या वर्षी सोसायटीतल्या मुलांना शाडूचे गणपती शिकवले, फुकटच. आता त्यांच्या आया म्हणतात, क्लास काढा. पण फीचा विषय निघाला की मला तोंड उघडवत नाही. नणंद आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. तिची दोन्ही मुलं ‘मामीकडे’ येणार, हे तिने धरूनच चाललंय. सासूबाई म्हणतात, घरच्यांकडून नि शेजाऱ्यांकडून पैसे घेणं शोभत नाही. मिस्टर काहीच बोलत नाहीत. काय करू?
– एक वाचक

तुमच्या लेकीच्या बारावीच्या क्लासची फी भरताना घरात कुणाला ‘शोभत नाही’ आठवलं होतं का? नसणारच. गणिताच्या सरांना पैसे द्यायचे असतात आणि हाताच्या कलेला ‘छान हो’ म्हणायचं असतं, ही आपल्याकडची जुनी वाटणी. सासूबाईंशी त्यावरून वाद घालू नका. पहिल्या कमाईतून त्यांना काहीतरी आणा, निम्मं काम तिथेच होईल.

अडचण सासूबाईंची नाहीच. गेल्या वर्षी फुकट शिकवलंत ना, त्यामुळे तुमचा भाव शून्य आहे असं सगळ्यांच्या मनात बसलंय. तो हळूहळू चढवता येत नाही. एकदाच, स्पष्ट आकडा लिहून सांगावा लागतो.

आकडा कसा काढायचा ते सांगते. एकदम महिन्याचा क्लास काढू नका. गणपतीच्या आधी दोन दिवसांची शाडूची कार्यशाळा घ्या, कारण तेव्हा पालक आपणहून विचारत येतात. आठच मुलं घ्या. सहा-सात इंचाच्या मूर्तीला एक-दीड किलो माती धरा. शिवाय पाट किंवा जाड पुठ्ठा, रंग, ब्रश. समजा, हे सगळं मुलामागे १५० रुपयांत बसलं. आता तुमचे तास मोजा. रोज तीन याप्रमाणे शिकवण्याचे सहा, आणि सामान आणणं, आदल्या रात्री माती मळणं, नंतर फरशी खरवडणं याचे चार. हे चार तास कुणी मोजत नाही आणि म्हणून बायकांचे क्लास तोट्यात जातात. तासाला ४०० धरलेत तर ४,००० झाले. आठ मुलांत वाटले की ५००, अधिक सामान, म्हणजे ६५०. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या भागातल्या चित्रकलेच्या क्लासची फी काढून पडताळून बघा. पण ६५० आला तर ६५०च सांगा. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका.

पैसे आधी घ्यायचे. ग्रुपवर तारीख, वेळ, वय, फी आणि क्यूआर कोड एकाच मेसेजमध्ये टाका. पैसे आले की जागा पक्की. पुढे महिन्याचा क्लास काढलात तर फी महिन्याचीच ठेवा. दिवसावर ठेवलीत की ‘आमची दोनदा आली नाही हो’ म्हणत हिशेब सुरू होतो.

आता नणंद. आठ जागांतल्या दोन फुकट म्हणजे पाव कमाई गेली. शिवाय ती बातमी लिफ्टमध्येच फुटेल आणि मग तिसऱ्या मजल्यावरचीला तुम्ही काय सांगणार? माझं मत असं: पहिल्या कार्यशाळेला भाचरांना मामीकडून भेट म्हणून बसवा, तसं शब्दांत सांगून बसवा, आणि त्या दोन जागा आठाच्या वर धरा. महिन्याच्या क्लासला मात्र पूर्ण फी. हे ग्रुपवर मेसेज जाण्याआधी तुम्ही स्वतः चहाला बोलावून सांगा. मिस्टरांकरवी निरोप नको, निरोप्याच्या तोंडी फी निम्मी होते. त्यांनी फक्त शेजारी बसावं. एरवी बोलत नाहीतच, तसंच बसलं तरी चालेल. नणंद चार दिवस फुगेल. फुगू दे.

शिकवण्याबद्दल थोडं. सहा वर्षांचं आणि अकरा वर्षांचं मूल एका बैठकीत घेऊ नका. मोठ्याचा गणपती झालेला असतो आणि धाकटं अजून उंदरावरच अडकलेलं असतं. मुलं माती गुळगुळीत करायला वाटीभर पाणी ओततात, मग ती चिकट होते आणि सोंड घसरून पोटावर येते. प्रत्येकापुढे वाटीऐवजी ओला स्पंज ठेवा, सोंडेत आणि मानेत काडी घालायला शिकवा. मूर्ती सावलीतच वाळू द्या. घाईने उन्हात ठेवली की मानेपाशी तडा जातो आणि फोन तुम्हाला येतो. दाराशी उभ्या आयांना घरी पाठवा, नाहीतर निम्मे गणपती त्याच करतील. आणि रेझिन आर्ट मुलांना शिकवायच्या फंदात पडू नका. त्या रसायनाला हातमोजे आणि खेळती हवा लागते, हॉलमध्ये ते काम नाही.

‘एलिमेंटरीची तयारी करून घेता का?’ असं कुणीतरी विचारणारच, दहावीच्या वाढीव गुणांवर डोळा असतो. त्या शासकीय रेखाकला परीक्षांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असं सगळं लागतं. तुमचा तो हात नसेल तर सरळ नाही म्हणा. वारली शिकवाल तेव्हा ही पालघर-डहाणूकडच्या वारली समाजाची, लग्नाच्या चौकाची कला आहे आणि ‘पद्मश्री’ जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगापुढे नेली, एवढं मुलांना जरूर सांगा.

कागदपत्रांची धास्ती नको. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर सेवेसाठी जीएसटीची नोंदणी लागत नाही. कमाई वहीत लिहून ठेवा, आयकर विवरणात दाखवा. सोसायटीच्या कमिटीला एक पत्र द्या, म्हणजे चपलांच्या ढिगावरून भांडण होणार नाही.

आणि शाडू आषाढातच आणून ठेवा. गणपती आठ दिवसांवर आल्यावर शोधायला निघालात तर मिळेल त्या भावाने घ्यावी लागेल, आणि तुमची फी तर तोवर सांगून झालेली असेल.